‘तुला कुणी सांगितलं बे?’ : देवाच्या पहारेकऱ्यांचं शहर कसं चालतं

आमच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी एक शहर उभं राहतं. त्याला लागतं काय, तर एक चटई, वीस बाजूंचा फासा, वहीच्या पानावर पेनानं काढलेला नकाशा आणि शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी. माझा भाचा आणि त्याचे चार मित्र रोल-प्ले गेम खेळतात. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं जग चालवायचं आणि बोलता बोलता गोष्ट पुढं न्यायची. त्यांच्या शहराचं नाव तळवेस. मधोमध तळं, तळ्यात देऊळ, भोवती तटबंदी. ही कल्पना आमच्या सिद्धरामेश्वरांच्या तळ्यातल्या देवळावरून आली असेल, ते सोलापूरकराला सांगायला नको.

तळवेसमध्ये पोलीस नाहीत. रात्रीची राखण करतात ते ‘ज्योतकरी’. सुतार, विणकर, तेली, हमाल, दिवसा आपापला धंदा करणारी माणसं. दिवस मावळला की देवळातल्या नंदादीपावर कंदील पेटवून घ्यायचा, काठी उचलायची आणि नेमून दिलेल्या गल्लीत पहाटेपर्यंत फिरायचं. पगार नाही, देवाची सेवा.

मागं एका रविवारी एका ज्योतकऱ्यानं कापसाच्या व्यापाऱ्याची गाडी रात्री वेशीवर अडवली. आत काय आहे ते दाखव म्हणाला. व्यापारी झालेला पोरगा चटईवरून उठलाच. “तुला कुणी सांगितलं बे?” ज्योतकरी म्हणाला, “देवानं.” व्यापारी म्हणाला, “मला नाही सांगितलं.”

हे भांडण फासा टाकून सुटेना. मग मला वर बोलावलं. मामा गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, स्वयंसेवक असतो, बिल्ला लावतो, दोर धरतो, म्हणजे मामाला कळत असणार, असा पोरांचा हिशोब. मला काही लगेच उत्तर सुचलं नाही. पुढचे काही रविवार आम्ही त्याच गाडीपाशी अडकून होतो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो. असली जगं रचणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली बरीच याच ठिकाणी अडखळतात.

पहारा म्हणजे पोलीस नव्हे

पहिला घोळ इथंच होतो. आपण डोळे मिटून जुनं शहर बघतो आणि त्यात आजचा हवालदार उभा करतो, फक्त हातात भाला देऊन. पण लंडनचं पगारी, गणवेशातलं पोलीस दल १८२९ सालचं आणि आपल्याकडचा पोलीस कायदा १८६१ सालचा. त्याआधी हजारो वर्षं शहरं होती, चोरही होते. तेव्हा राखण करायचा तो पहारा.

पहाऱ्याचं काम पोलिसापेक्षा कमी आणि साधं असतं. दरवाजे वेळेवर लावायचे, आगीवर नजर ठेवायची, अनोळखी माणसाला हटकायचं आणि काही वावगं दिसलं तर आरोळी ठोकून लोक जमवायचे. तपास, खटला, शिक्षा यातलं काहीच त्याचं नाही. रोममध्ये ऑगस्टस बादशहानं इसवी सन ६ मध्ये रात्रीचा पहारा नेमला, तो मुख्यतः आगीसाठी. घरं लाकडाची असली की चोर एकच घर लुटतो, आग अख्खी पेठ खाते.

आपल्या गावगाड्यातला जागल्या घ्या. चोरी झाली की त्यानं पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावावर. आणि माग आपल्याच शिवेत विरला तर? मग नुकसान आपल्या गावानं सोसायचं. यातली ‘शीव’ महत्त्वाची. कायद्याच्या पुस्तकात तिला अधिकारक्षेत्र म्हणतात, म्हणजे माझं कुठपर्यंत चालतं आणि कुठं संपतं ते. या लेखात मी शीवच म्हणेन.

पोरांना विचारलं, तुमच्या ज्योतकऱ्याची शीव कुठं संपते? कुणी ठरवलंच नव्हतं. त्याच्या कंदिलाचा रंग मात्र ठरला होता.

पगार नाही, मग उभा का राहतो?

इंग्लंडमध्ये १२८५ साली कायदाच झाला की गावोगावच्या लोकांनी आळीपाळीनं रात्रीचा पहारा द्यायचा. रात्री परका माणूस दिसला तर सकाळपर्यंत धरून ठेवायचा आणि संशय वाटला तर अधिकाऱ्याच्या हवाली करायचा. पुढं शहरांत काय झालं तर पैसेवाल्यांनी आपल्या पाळीला भाड्याचा माणूस उभा करायला सुरुवात केली. स्वस्तात मिळणारा माणूस कोण? म्हातारा, थकलेला, दुसरं काम न मिळणारा. रात्रीचा पहारेकरी हा नाटकातल्या विनोदाचा विषय झाला.

नेदरलँडमध्ये उलटं झालं. तिथं नगररक्षक होणं ही प्रतिष्ठेची गोष्ट बनली. रेम्ब्रांट या चित्रकाराचं १६४२ सालचं ‘रात्रीचा पहारा’ म्हणून ओळखलं जाणारं प्रसिद्ध चित्र अशाच एका पथकाचं आहे. चित्रात दिसायला पथकातल्यांनी पैसे मोजले होते. (गंमत म्हणजे ते चित्र रात्रीचं नाहीच. वरचं व्हार्निश काळवंडलं, म्हणून लोकांना रात्र वाटली.)

म्हणजे बिनपगारी पहारा दोन बाजूंनी कुजतो. एक तर तो बिगार होतो, नाही तर मिरवणूक. तो टिकवायचा असेल तर पैशाशिवाय काहीतरी बांधून ठेवणारं लागतं. तळवेसमध्ये ते काम देव करतो.

पण स्वयंसेवकाची खरी अडचण वेगळीच आहे. सोसायटीचा वॉचमन उद्धटपणे वागला तर सेक्रेटरी त्याला काढून टाकतो. मंडळाचा कार्यकर्ता उद्धटपणे वागला तर? त्याचा पगार कापता येत नाही, कारण पगारच नाही. वर तो म्हणणार, “फुकटात राबतोय, वर बोलणी खाऊ का?” आणि आपण गप्प बसतो. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारायला आपल्याला लाज वाटते.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. बरीच वर्षं झाली, यात्रेत होम मैदानावर ऐन गर्दीत एक बाई ओरडल्या, पर्स गेली. समोरून एक पोरगा पळत होता. मी त्याचा दंड धरला, चांगला घट्ट धरला. तो हरवलेल्या धाकट्या बहिणीला शोधत होता. पर्स पाच मिनिटांत बाईंच्याच पिशवीत, साडीखाली सापडली. पोरगा रडला नाही, माझ्या बिल्ल्याकडे बघत राहिला. त्याचे वडील आले. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, तुमची तक्रार कुणाकडे करायची?”

मला माहीत नव्हतं. मला बिल्ला दिला होता, दोर दिला होता, चहा-नाश्त्याचं कूपन दिलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

देवाचं नाव आलं की काय बदलतं?

चांगलंही बदलतं आणि वाईटही. चांगलं आधी सांगतो, कारण ते आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळतं.

पंढरीच्या वाटेवर माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरती होते. दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंग चालू असतो, माणसं हजारोंनी. मग चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि सगळं शांत होतं. ज्यानं हे पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. लाउडस्पीकर नाही, शिट्टी नाही, लाठी नाही. एक काठी वर गेली, बस.

पण खरी कमाल त्याच्या पुढं आहे. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवतच नाही, वाजवत राहते. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. चोपदाराला तिथं जावंच लागतं. म्हणणं ऐकून घेतलं जातं, मिटवलं जातं, मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा, मग आरती.

म्हणजे काठी गप्प करते आणि टाळ काठीला बोलायला लावतो. चोपदाराच्या शब्दाला वजन आहे ते काठीमुळं नाही, टाळाचं ऐकून घेण्याची सोय काठीच्या शेजारी पहिल्यापासून आहे म्हणून. मी आयुष्यभर ही गोष्ट श्रद्धेची म्हणून बघितली. पोरांच्या खेळामुळं ती मला पहिल्यांदा व्यवस्था म्हणून दिसली.

आता वाईट बाजू. देवाचा पहारेकरी गुन्ह्यावरून पापावर कधी घसरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. चोरी हा गुन्हा. खोटं वजन हा गुन्हा. पण अमक्याच्या घरी आज काय शिजलं? तमकी बाई कुणाशी बोलत उभी होती? देवाला सगळ्याचं सोयरसुतक असतं असं मानलं की पहारेकऱ्यालाही असतं.

जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. मूळ काम बाजारातलं. वजनं-मापं तपासायची, दुधात पाणी घातलं का बघायचं. त्याच अधिकारात सार्वजनिक वर्तनावर नजर ठेवणंही आलं. तिथल्या धर्मशास्त्र्यांना धोका ठाऊक होता. म्हणून त्यांनी नियम घातला की उघड दिसेल तेवढ्याचीच दखल घ्यायची, बंद दाराआड डोकावून दोष हुडकायचा नाही. हा नियम घालावा लागला यावरूनच कळतं की लोक डोकावत होते.

तळवेससाठी पोरांना यातून एक सुंदर कल्पना सुचली, तिचं श्रेय माझं नाही. ज्योतकऱ्याचा कंदील उंबऱ्याबाहेरच जळतो. परवानगीशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकलं की विझतो. विझलेला कंदील घेऊन तो देवळात परतला की सगळ्यांना दिसतं. शीव अशी ठरली.

‘पण मामा, या जगात देव खरंच आहे!’

ही हरकत भाच्याची, आणि वजनदार आहे. आपल्या जगात देवानं सांगितलं म्हणणाऱ्यावर शंका घेता येते. तळवेसचा देव खरोखर बोलतो, खोटं बोलणाऱ्यासमोर ज्योत निळी होते. मग पंच कशाला आणि तक्रार कशाला?

मी त्याला सीसीटीव्ही दाखवला, गल्लीच्या तोंडाशी आहे तो. कॅमेरा खोटं बोलत नाही, मान्य. पण तो कुठल्या दिशेला लावला, फुटेज कुणाच्या ताब्यात आहे, कुठली दोन मिनिटं दाखवली आणि कुठली दाखवली नाहीत, हे माणसं ठरवतात. निळ्या ज्योतीचं तेच. प्रश्न कोण विचारतं यावर सगळा खेळ. ‘गाडीत चोरीचा माल आहे का?’ असं विचारलं तर व्यापारी ‘नाही’ म्हणेल आणि ज्योत पिवळीच राहील. ‘तू या शहराचं कधी काही लपवलंस का?’ असं विचारलं तर तळवेसमधला एकही माणूस सुटणार नाही. देवाला कौल लावतात तेव्हाही उजवा-डावा देव देतो, पण प्रश्न घालणारा माणूसच असतो.

मराठेशाहीतल्या न्यायात दिव्य होतं. वतनाचा तंटा कागदानं-साक्षीनं सुटला नाही तर शेवटचा उपाय म्हणून. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी सगळ्यांदेखत उघडून बघायचं. आज वाचतानाही अंगावर काटा येतो आणि मी त्याची तरफदारी करत नाही. पण एक बारकावा बघा. निवाडा देवाचा म्हणायचा, तरी मोहर माणसांची, बघणारे पंच माणसं, आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहून त्यावर साक्षी-निशाण्या घालणारी गोतसभा, म्हणजे न्यायाला बसलेली सभा, तीही माणसांचीच. देवाच्या शब्दालाही त्यांनी कागद मागितला.

भाचा थोडा हिरमुसला. त्याला निळी ज्योत फार आवडली होती. आम्ही ती ठेवली, फक्त प्रश्न विचारायचा हक्क ज्योतकऱ्याकडून काढून पंचांकडे दिला.

‘दुसऱ्या देवाचे लोक काय करतील?’

हे विचारलं त्याच्या तेलुगू बोलणाऱ्या मित्रानं. त्याचं घर पूर्व भागात, पणजोबा मागावर बसायला आलेले. तळवेसच्या पूर्वेला त्यानं विणकरांची पेठ आखली होती, त्यांची देवी वेगळी. त्यांच्या गल्लीत तळ्यातल्या देवाचा कंदील घेऊन कोण फिरणार? आणि फिरला तर तो रक्षक की परका?

आपल्या शहराला हा प्रश्न नवा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका रिक्षास्टॉपवर ऐकू येतात. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि त्या काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. काठ्या एकाच ग्रामदैवताच्या, खांदे मात्र वाटून दिलेले. हे काही दर्शनी शोभेसाठी नसतं. ज्याचा खांदा काठीला लागतो त्याची गल्ली काठीला आपली मानते.

पहाऱ्यालाही तेच लागू. ज्या पेठेतला एकही माणूस ज्योतकरी नाही, त्या पेठेत ज्योतकरी म्हणजे दुसऱ्यांची फौज. नियम कितीही चांगले लिहा. पोरांनी तोड काढली ती अशी: विणकरांच्या पेठेत विणकर फिरतील, ज्योत आपल्या देवीच्या देवळातून लावतील, शीव मोठ्या चौकात मिळेल. चौकात दोघांनी एकमेकांच्या ज्योतीवर आपला कंदील पुन्हा लावायचा. चौकात भांडण झालं तर काय, यावर मात्र एक अख्खा रविवार गेला आणि शेवटी पाऊस आला.

‘वेळ आली की हेच लोक कामाला येतात ना?’

येतात. आणि हे सोलापूरइतकं कुणाला ठाऊक असणार?

८ मे १९३० ला इथं लोकांवर गोळीबार झाला, शहर पेटलं, चौक्या जळल्या. त्यानंतर काही दिवस इंग्रजी सत्ता सोलापूरच्या रस्त्यांवर उरलीच नव्हती. त्या दिवसांत शहराचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी ठेवला. रहदारीसुद्धा त्यांनीच सांभाळली. त्यांना पगार कोण देणार होतं? डोक्यावर गांधी टोपी होती आणि लोक त्या टोपीचं ऐकत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या नावाच्या चौकातून आपण रोज जातो.

तेव्हा स्वयंसेवकाचा पहारा म्हणजे कायम झुंडशाहीच, असं मी म्हणणार नाही. सरकारनंही पुढं ही ताकद ओळखली. मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये होमगार्ड उभे राहिले. माणसं आपापल्या धंद्यातली, पण नोंद, प्रशिक्षण, गणवेश आणि वरचा अधिकारी ठरलेला. ज्योतकऱ्याला कायद्याच्या चौकटीत बसवला तर तो साधारण असा दिसेल.

पण मे १९३० चे दिवस थोडे होते, हेही लक्षात घ्यायला हवं. टोपीवरचा विश्वास चार दिवस सगळं चालवतो. चाळीस वर्षं चालवायचं तर वही लागते, पाळी लागते, आणि त्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर लागतं. उत्तर नसलं की काय होतं ते पुण्यानं १७९१ मध्ये पाहिलं. घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं. तो पगारी होता, स्वयंसेवक नव्हता. पण टाळ वाजवायला जागा नसली की लोक दगड उचलतात, मग पहारेकरी पगारी असो वा बिनपगारी.

मग धरलेल्या माणसाचं करायचं काय?

आजचा कायदा यावर सरळ बोलतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तुम्हा-आम्हालाही माणूस धरायची मुभा देतं. पण डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यालाच, किंवा घोषित फरारी गुन्हेगाराला. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, अजामीनपात्र म्हणजे ज्यात जामीन हा हक्क म्हणून मिळत नाही असा. धरल्यावर उगीच वेळ न लावता आणि फार तर सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं. संशयावरून धरणं त्यात बसत नाही. मी त्या पोराचा दंड धरला तेही बसलं नसतं, जुन्या कायद्यातही नाही.

तळवेसमध्ये सहा तास कोण मोजणार? पोरांनी ते तेलावर मोजले. कंदिलात एका रात्रीचंच तेल. ते संपायच्या आत धरलेला माणूस पंचांपुढं उभा केला नाही तर तो मोकळा. मला हे आमच्या कायद्यापेक्षाही आवडलं, कारण तेल सगळ्यांना दिसतं.

आणि प्रत्येक वेशीवर त्यांनी टाळ टांगले. ज्याला ज्योतकऱ्याचं वागणं पटलं नाही त्यानं ते वाजवायचे. टाळ वाजला की ज्योतकऱ्यानं काठी जमिनीवर ठेवायची आणि पंच येईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

गेल्या रविवारी गाडी पुन्हा वेशीवर आली. तोच व्यापारी, तोच ज्योतकरी. “तुला कुणी सांगितलं बे?” ज्योतकरी म्हणाला, “वेशीपर्यंत मी बघायचं, असं पंचांनी ठरवलंय. पटत नसेल तर टाळ तिथं आहे.” व्यापाऱ्यानं वाजवले. रात्रीचे दोन वाजलेले, अख्खी पेठ जागी, पंच डोळे चोळत आले. गाडीत कापूस निघाला, नुसता कापूस.

आता तो व्यापारी प्रत्येक वेशीवर मुद्दाम टाळ वाजवतो. पंच वैतागलेत, पेठेची झोप गेलीय, ज्योतकरी काठी खाली ठेवून हात चोळत उभा. आणि परवाच्या रात्री टाळ वाजत असताना मागच्या गल्लीतून दुसरी एक गाडी बिनबोभाट निघून गेली. तिच्यात काय होतं ते फक्त भाच्याला माहीत आहे आणि तो सांगत नाही. खोटा टाळ वाजवणाऱ्याचं काय करायचं, हा पुढच्या रविवारचा विषय आहे.